टायर बदलेपर्यंत

तळ्यावरून पहिला बोचरा वारा सुटला
(समुद्राएवढं आहे, पण आम्ही तळंच म्हणतो)
की अख्खं डलूथ एकाच सकाळी गॅरेजात येतं.
माझा नंबर अकरावा.
कानांत नवी यंत्रं, चार दिवसांची,
त्यामुळे ऐकू येतंय ते जरा जास्तच:
कॉफीच्या मशीनचा खोकला,
समोरच्या बाईच्या जाकिटाची कुरकुर,
माझं मलाच गिळणं.

आणि कोपऱ्यातल्या रेडिओवर कुणी पोर गातेय.
सोबत नुसता चेलो, आणि मागे
बोटांनी टेबल वाजवावं तसं काहीतरी.
दोन ओळी गेल्या, तिसरी आली,
आणि माझी मान वर झाली.
अरे, हे तर आपलं.

आपलं असं नव्हतं.
आपलं म्हणजे टोइव्होच्या पिकअपमधली कॅसेट,
लोहखनिजाच्या धक्क्यावरची रात्रपाळी सुटल्यावर,
उणे वीस, तरी काचा खाली,
ड्रम असे की डॅशबोर्डचे स्क्रू सैल व्हावेत.
गिटार सुटली की टोइव्हो स्टिअरिंग सोडायचा,
दोन्ही हातांनी हवेतल्या तारा छेडायचा,
गाडी आपली आपण पुलाकडे वळायची.
आणि धृपदाला आम्ही दोघे भाऊ, नरड्याच्या शिरा ताणून:
मला सोडू नको, मला सोडू नको.

या पोरीने त्याचे सगळे काटे काढलेत,
लॉरीन धुरावलेल्या माशाचे काढते तसे.
बशीत उरलंय ते मऊ, पांढरं,
नातवंडाला भरवण्याजोगं.
मी मनात म्हटलं, अळणी.
म्हटलं, टोइव्हो असता
तर रेडिओच्या थोबाडावर कॉफी ओतून आला असता.

मग धृपद आलं.
हळू. इतकं हळू, की एकेक शब्द
कठड्याला धरून पायरी उतरला:
मला ओढू नको.

मी यंत्राचं बटण चाचपलं.
पुन्हा आलं. मला ओढू नको.
‘स’ कुठे नव्हताच.
तो झांजेचा होता,
दर धृपदाला नेमकी त्याच जागी फुटणारी ती झांज,
तिची किनार आम्ही शब्दाला शिवून टाकली होती
आणि चाळीस वर्षं तेच अंगात घालून फिरलो.

फेब्रुवारीत, हॉस्पिटलात, नळी घशात जायच्या आधी
टोइव्होने ओठ हलवले होते. सूर ओळखीचा.
शब्द मला ऐकू आले नाहीत,
तेव्हा यंत्रं नव्हती, आणि गरजही वाटली नव्हती,
गाणं पाठ होतं ना.
मी डॉक्टरला म्हटलं, जे जे करता येईल ते सगळं करा.
एकोणीस दिवस केलं त्यांनी.

कॅसेटचं वेष्टन त्याच्याचकडे असायचं.
आत बारीक अक्षरांत सगळी गाणी छापलेली.
त्याने कधी वाचलं असेल का?
वाचून मग माझ्यासोबत चुकीचंच ओरडत राहिला असेल?
तसा होता तो.
नव्हताही.

जाकीटवाल्या बाईने विचारलं, बरं वाटतंय ना?
मी म्हटलं, गाणं छान आहे.
ती म्हणाली, मूळचं फार गोंगाटी होतं म्हणे.
मी म्हटलं, हो. फार.

अकरा, असं कुणीतरी ओरडलं.
पैसे दिले, किल्ली घेतली.
या गाडीत कॅसेट घालायला फटच नाही.
उतारावर, तळं दिसू लागतं त्या वळणापाशी,
मी तोंड उघडलं,
‘मला’पर्यंत आलो, आणि थांबलो.

कानांतली यंत्रं काढावीत असं एकदा मनात आलं.
काढली नाहीत.
खाली अर्धवट वितळलेला बर्फ होता
आणि चारही नवे टायर
पुलापर्यंत सबंध रस्ताभर
एकच अक्षर म्हणत होते.