राइट टाइम

भुसावळ. सत्तेचाळीस डिग्री.
अंगणात माठ आडवा पुरला, अर्धा मातीत,
वर ओलं पोतं, त्यावर केळीची पानं.
कुंपणावरून नेहेते म्हणाला,
"कासवाले बंगला?
आंधी सोताची गच्ची पाय, गयते."

कासव माठात गेलंच नाही.
नळामागच्या ओलीत
स्वतःच्या नखांनी खड्डा उकरला
आणि दुपारभर तिथंच.

छत्तीस वर्षं मी गार्डाच्या डब्यात,
मागं सरकणारं तेवढंच बघत.
अजून अडीचला जाग येते,
यार्डात मालगाडी जोडतात
तो दणका ऐकून.

आज उठलोच. टॉर्च घेतला.
तेही जागं, मान बाहेर.
कलिंगडाची साल ठेवली.
निघालं.
मी घड्याळ लावलं, सवयीनं.

चार फूट. अकरा मिनिटं.
जुन्या डायरीत लिहिलं:
राइट टाइम.