उतरतं छप्पर

कंपनीनं बंद केली, त्याच्या चौथ्या वर्षी
बाबांनी आणली, पांढरकवड्याच्या दातांच्या डॉक्टरकडून.
मागून पाहिलं तर गोठ्याचा उतार,
पुढून, म्हणे, मासोळी.

आजोबा दार उघडून उभेच.
"वाकूनच बसा लागते काय बाप्पा?"
वाकले नाहीत. पुढं बसले, कायमचे.

डावा मागचा दिवा नागपुरातही भेटला नाही;
शब्बीरनं लाल टमरेल कापून बसवलं.
रात्री उमरीच्या वळणावर
कापसाचे ट्रॅक्टरवाले त्यावरूनच ओळखतात आम्हाला.

मागच्या सीटवर, छताच्या कापडाला
तेलाचे गोल डाग:
गेडाममामा, सिंधूआत्या,
बाशिंग मांडीवर घेतलेला एक नवरदेव.

परवा पाटणबोरीच्या खड्ड्यात
टक्क.
बाबांनी आरशातून पाहिलं.
आता त्यांत माझाही.