मे महिन्यातलं मेण

धंतोलीतल्या आमच्या लॅबमध्ये मे महिन्यात
मेण ऐकायचं नाही.
दाढेची कड कोरून मान वळवेपर्यंत
ती पुन्हा आडवी व्हायची.
म्हणून हेडाऊमामा रात्री बसायचे,
पायाशी बर्फाचं घमेलं,
कूलर बंद, कारण वाऱ्यानं ज्योत हलते.

आता साच्याऐवजी फाईल येते.
पडद्यावर दाढ उलटीपालटी करून
मी कडेभोवती हिरवी रेघ ओढते.
खडूसारख्या ठोकळ्यातून मशीन
पाचवा हिस्सा मोठीच कॅप कापतं.
भट्टीत ती आटणार, हे त्याला ठाऊक.
सकाळी अशी बसते
की प्रोबचं टोक कुठे अडखळत नाही.

पण आत,
जिथे घासलेल्या दाताचा कोपरा टोकदार,
तिथे बर गोल.
कोपऱ्यात शिरता येत नाही म्हणून
जरा जास्तच खातो,
आणि पोकळी सिमेंटवर सोडून देतो.

मामांना दाखवली.
चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला,
बराच वेळ.
"कड बेस आहे. माझ्या हातून नसती झाली.
आत काहून ढिली?"
मी बरचा व्यास सांगितला.
"म्हणजे त्याचंही बोट जाडच की."

दुपारी क्लिनिकमधून फोन:
मौंदेकरबाईंना सुपारी फोडताना
कॅप उंच लागते.
डॉक्टरांनी निळ्या कागदाचा एक ठिपका
हातानं घासून काढला.
मी वहीत लिहिलं, बेचाळीस मायक्रॉन.
ठिपक्यासाठी रकाना नव्हता.

कपाटातल्या डब्यात
मामांचं मेण
कुणी न लावता
सपाट झालंय.