हवा पुरत नाही तेव्हा

एल्डोरेटच्या विमानतळावर
दुध्या घेऊन कुणी आलं नव्हतं.
तो जिंकणाऱ्यांसाठी असतो:
मण्यांची नक्षी, चामड्याचं झाकण,
आत राखी-निळसर मुर्सिक,
कॅमेऱ्यांपुढे एक घोट,
वरच्या ओठावर काजळीची रेघ.
जेरोबोन नववी आली होती.
तिने आपली बॅग आपणच उचलली
आणि मटाटूत मागच्या सीटवर
कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसली.

टेकड्यांचं नाव नंदी.
आपला नंदी नव्हे,
पण गाईंवाचून इथंही पान हलत नाही.
आणि दुध्या म्हणजे वाळवून, पोखरून
पोकळ केलेला भोपळा;
मराठीत त्याच्या नावातच दूध आहे
हे ताप्रांदिचला कुणी सांगितलेलं नाही.

बारा दिवसांपूर्वी, लेक निघाली त्या सकाळी,
ताप्रांदिचने दूध तापवलं, निववलं.
सेनेत्वेतची जळती काडी
दुध्यात घालून फिरवली,
निखारा आतल्या आत घासला,
सैल पूड ताडाच्या कुंच्याने झाडली.
मग दूध. मग झाकण.
मग कोपऱ्यातला अंधार.
विरजण म्हणून वेगळं काही लावलं नाही.
एवढं जाळून घासूनही
दुध्याच्या बारीक भेगांत
मागच्या खेपेचं कुणीतरी तग धरून असतं.

त्यांना हवा लागत नाही.
दुधातली साखर फोडतात,
आम्ल मागे सोडतात,
एकाचे दोन होतात, दोनाचे चार,
जागा हळूहळू इतकी आंबट करतात
की नासवणाऱ्यांना पाय ठेवता येऊ नये.
दूध थिजतं, जड होतं.
शेवटी आपल्याच आंबटपणात
तेही मंदावतात.
नासणं वेगळं, आंबणं वेगळं;
मधे फक्त एवढंच,
की आधी कोण पोचलं.

चोविसाव्या फेरीत
जेरोबोनच्या मांड्यांनी हेच केलं.
हवा पुरेना, म्हणून पेशींनी
साखर फोडली, घाईत, अर्धवट,
आणि मागे सोडलं तेच, तसंच.
(डॉक्टर म्हणाला, त्याला दोष देऊ नकोस,
ते तर जळणच आहे, अंग परत वापरतं.
प्रशिक्षक काही म्हणाला नाही.
तो घड्याळाकडे बघत होता.)
जिवाणूने केलं तर पोट भरणं,
बाईने केलं तर नववी येणं.

आमच्याकडे म्हणतात, आनंदावर विरजण पडलं.
म्हणणाऱ्याने विरजण पडल्यानंतरची रात्र
कधी नीट पाहिली नसावी.
पण आमच्याकडेच म्हणतात, अंग आंबलं,
आणि हे कुणी म्हटलं असेल
त्याला पायांतलं बरंच कळत होतं.

मोसोरिओटच्या फाट्यावर धाकटा किबोर
सायकल घेऊन उभा.
"नववी म्हणजे किती पैसे?"
ती म्हणाली, "तुझ्या ब्रेकपुरते."
तो खूश झाला. सायकलला ब्रेक नव्हता.

आईने निकाल विचारला नाही.
रेडिओने सांगितला असेल,
किंवा पायऱ्या चढतानाच्या गुडघ्यांनी.
तिने कोपऱ्यातला दुध्या उचलला,
जोरजोरात हलवला, बाळाला खेळवावं तसा नव्हे,
भांडणात कुणाला गदगदा हलवावं तसा,
आणि मगात ओतला.
काळे कण पांढऱ्यात फिरले, स्थिरावले.

पहिल्या घोटाला जबडा आखडला.
दुसऱ्याला कानामागे काहीतरी सैल झालं.
तिसऱ्याच्या आधी जेरोबोन म्हणाली,
"हे जिंकणाऱ्यांचं ना?"
ताप्रांदिच दुध्या उन्हाकडे धरून
आत एका डोळ्याने बघत होती.
"भरला तेव्हा तू पळाली नव्हतीस," ती म्हणाली.
"बुडाला चीर गेलीय बघ. मेण आण.
आणि उद्या दूध काढायला तू ऊठ,
ती तांबडी मला लाथ मारते."