पाचशे शब्दांत

'या क्षेत्राकडे आपण का वळलात?
पाचशे शब्दांत लिहा.'
मी शाळेची बस वळवते. वळणं मला ठाऊक आहेत:
तलावाशी उजवीकडे, बंद खाणीपाशी सावकाश,
तिथं जानेवारीत रस्त्याची काच होते.
क्षेत्राकडे कसं वळतात ते कुणी सांगितलं नाही.

पहिला मसुदा आयनोवर लिहिला.
आयनो, माझा धाकटा भाऊ, बोलताना अडायचा.
'म'वर अडायचा, 'प'वर अडायचा,
स्वतःच्या नावाच्या तर उंबऱ्यातच.
आठशे चाळीस शब्द झाले.

सकाळच्या आणि दुपारच्या फेरीच्या मध्ये
बसमध्येच कापायला बसले,
बोटं कापलेले हातमोजे घालून.
आधी त्याचा कुत्रा गेला.
मग गोठलेल्या तलावावरची ती फळ्यांची खोपटी,
जिथं बर्फाच्या भोकाशी वाकून
तो माशांशी तासभर बोलायचा,
एकदाही न अडता.
सत्तावीस शब्द वाचले.
शेवटी उरलं ते असं:
भावाच्या तोतरेपणातून मला प्रेरणा मिळाली.

एखाद्याचा कोट उसना न्यावा
आणि बाह्या कापून परत करावा, तसं झालं.
डेपोतली बर्निस म्हणाली, छान आहे की.
शेवटी थोडं रडव.

खरं कुठल्याच मसुद्यात नव्हतं.
त्याची वाक्यं मी पुरी करायचे.
दुकानात, चर्चमध्ये, फोनवर.
तोंडातला घास काढून घ्यावा
तसं तोंडातलं वाक्य काढून घ्यायचे,
आणि वर लोक म्हणायचे, काय समजूतदार बहीण!
आता तो अलास्कात बोटीवर असतो.
मेसेज पाठवतो, लांबच लांब, स्वल्पविरामांसकट.
फोन उचलत नाही.

वेंडेल सहा वर्षांचा आहे. शेवटून तिसरा थांबा.
उतरताना त्याला 'थँक यू' म्हणायचं असतं.
कुणी शिकवलेलं नाही, त्याला म्हणायचंच असतं.
दार उघडं. बाहेर उणे सत्तावीस.
पायरीवर उभा राहून तो ओठांची जुळवाजुळव करतो,
हीटरची ऊब माझ्यादेखत बाहेर चालती होते,
मागून मोठी पोरं ओरडतात, दार लाव!
तो शब्द माझ्याही जिभेवर तयार असतो.
मी तो गिळते.
मान हलवत नाही, हसत नाही,
हात स्टिअरिंगवर ठेवते आणि मनात मोजते.
एकदा अकरापर्यंत गेले. एकदा चाळीस.
एका मंगळवारी शब्द आलाच नाही.
तो उतरला, बर्फात चार पावलं गेला,
वळला, आणि डबा धरलेला हात उंच केला.
दार तोवर उघडंच होतं.

हे लिहिलं. दोनशे सहा शब्द भरले.
चौकटीखाली आलं: दोनशे चौऱ्याण्णव शिल्लक.
बर्निसनं वाचलं. म्हणाली,
पण मार्लिस, यात तू केलंस काय?
काही नाही केलं, बाई.
ते काही न करणं शिकायला
मला चाळिशी गाठावी लागली.

काल रात्री आयनोला मसुदा पाठवला.
चालेल का, असं विचारलं नाही. नुसता पाठवला.
मुदत बारापर्यंत होती.
अकरा चाळीसला स्क्रीनवर तीन ठिपके आले,
हलत राहिले, गेले.
पुन्हा आले.
'राग आला का' असं मी टाइप केलं
आणि एकेक अक्षर मागं घेतलं.
अंगणात बसच्या इंजिनाला वायर लावलेली होती,
सकाळी सुरू व्हायला हवी म्हणून.
ठिपके हलत होते.
मी मोजत नव्हते.