उरल्या

महिन्याच्या पाच तारखेला मी घरोघर फिरते
साठीच्या वरच्यांच्या गोळ्या मोजायला.
रजिस्टरात तीन रकाने: दिल्या, खाल्ल्या, उरल्या.
तिसरीतल्या पोराची वजाबाकी,
पण जुळत नाही कधी.

पंचफुलाबाईच्या पाकिटात तीसच्या तीस.
"खाल्ल्या ना व माय, रोज खाल्ल्या."
मग ह्या कोणाच्या?
"ह्या पुढच्या महिन्याच्या. तू नाही आली त?"
गेल्या साली तीन महिने गेलेच नव्हते मी,
वरूनच माल नव्हता.
मी काही बोलले नाही.

पुंजाजी ढोक्यांचं पाकीट साफ रिकामं.
खूश होऊन लिहिणार,
तर सून चुलीपासून म्हणाली,
"मामाजी कोंबडीले घालतेत. कुटून, कण्यांत कालवून."
पुंजाजी लाजले नाहीत.
"अंडं हातातच फुटे तिचं. आता पाय."
तळहातावर ठेवलं एक, अजून ऊन असलेलं,
मग खाटेच्या गातावर टकटक वाजवून दाखवलं.
"माही हाडं आता कोनाले इकाची हायेत?"

आठवड्याची गोळी वेगळी, ती दुधासोबत.
वार कोण लक्षात ठेवणार?
म्हणून मीच बाजाराला बांधली तिला:
मंगळवारी बाजार, मंगळवारी गोळी.
चार महिने चाललं बरं.
मग पुलाचं काम निघालं, बाजार शुक्रवारी गेला,
आणि अर्धं गाव मंगळवारी खातं, अर्धं शुक्रवारी,
कौतिका गोंडाणे दोन्ही वारी.
"बाजार बदलला, गोयी कायले सोडू?"
तिला समजावता समजावता
माझा चहा निवून त्यावर साय धरली.

उकंडरावांच्या पाकिटावर
चार घरं फुटलेली, एक बंद,
दोन फुटलेली, तीन बंद.
विसरता का हो?
"नाही. चाकणवरून पोराचा फोन येते आठ वाजता.
बाबा, गोयी घेतली का, म्हनते.
त्यानं इचारलं का घेतो."
आणि नाही आला तर?
"त झोपतो."
बंद घरं मोजली. अकरा.
न घेण्याचं कारण लिहावं लागतं:
विसर, मळमळ, बद्धकोष्ठ, इतर.
इतरवर खूण केली.
इतरच्या पुढे दीड बोट जागा.

संध्याकाळी टक्केवारी काढली, सहासष्ट.
सिस्टर म्हणाल्या, चांगली आहे, आपण दुसरे येऊ.
त्यात पंचफुलाबाईचा साठा धरला नाही.
कोंबडी धरली आहे.
ती एकटी पूर्ण नियमित.

रात्री भाकरी थापताना
पिठाच्याच हातानं नंबर लावला.
आठला पाच कमी होते.
वाजला, बराच वाजला.
"कोन, अमोल?"
नाही, आशा बोलते. गोळी घेतली का?
तिकडे काहीच नाही.
नुसती कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटी,
मग पाकिटाचा चुरचुर आवाज,
पितळी गडव्यात पाणी ओतल्याचा.
"घेतली," म्हणाले.
मी ठेवणार, तेवढ्यात—
"पन तू रोज लावशीन काय व?"