रुवीतली वागळी

वादी आली त्या रात्री आम्ही तिसऱ्या मजल्यावर पत्ते खेळत होतो.
सकाळी उतरलो तर गल्ली नव्हती,
डांबराचे पापड होते नुसते,
आणि लाँड्रीसमोर गुडघाभर भगदाड,
त्यातून निघून पायरीपर्यंत गेलेली एक बारीक भेग.

नझीर बुरोंडकर उकिडवा बसला,
बराच वेळ बसला.
"वागळी आहे," म्हणाला. "शेपटीसकट."

मला खड्डाच दिसत होता.
पण मी पडलो माल कालवणारा,
फरशी बसवणारा तो.
अठरा वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत गुडघे झिजवले त्यानं,
लेव्हलच्या बुडबुड्यावर डोळा ठेवून,
आणि एकाही घरात
दुसऱ्यांदा पाऊल पडलं नाही.

त्याच्या पलंगाखाली एक गोण असे.
कापून उरलेले तुकडे.
कुणाच्या हमामातला मोरपिशी,
बँकेच्या जिन्याचा काळा,
अन् तो अबोली, जो ऐन वेळी मालकिणीला आवडला नाही.
आम्ही हसायचो:
विमानात हे नेणार काय रे, गावी?
तो गोण पायानं आत सरकवायचा.

तीन शुक्रवार लागले.
खडी मी भरली, ठोकून बसवली,
पहाटेच, ऊन चढायच्या आत.
तो पकडीनं तुकडे कुरतडायचा,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज.
लाँड्रीवाला मणी आधी करवादला, गिऱ्हाईक येणार कुठून?
मग स्वतःच एक फुटकी बशी घेऊन आला,
निळी कड तेवढी शाबूत.
तिचे डोळे झाले.
शेपटीला माल कमी पडला
तेव्हा आमच्या मोरीतली एक ओळ रात्रीत नाहीशी झाली.
घरमालकाला अजून पत्ता नाही.

मग बलदियाची पांढरी गाडी.
भरतकामाच्या टोपीतला साहेब उतरला,
हे कोणी केलं?
गल्ली अख्खी मुकी.
मी मणीच्या इस्त्रीकडे बघत राहिलो,
जशी आजच पाहतोय.

साहेबानं चप्पल काढली,
तळवा फिरवला वागळीच्या पाठीवरून
आणि आमच्याच हिंदीत म्हणाला,
पाणी पडलं की घसरतील लोक.

"घसरणार कसे?"
नझीर पुढे झाला, थापी हातातच,
"सांध्यांत जाडी रेती भरलीय. हात लावून बघा!"

झालं.

साहेब खाली वाकला. बोटानं एक सांधा चाचपला,
मग दुसरा.
वहीत काहीतरी लिहिलं, उजवीकडून डावीकडे,
ते आम्हाला वाचता येत नव्हतं.
गेला.

चार महिने झाले. रोलर आलेला नाही,
दंडाची चिठ्ठीही नाही.

खड्डा बुजला तरी गाड्या अजून तिथे वळसा घेतात,
पाण्याचे टँकरसुद्धा,
कुणाची झोप मोडू नये असे, हळू.
आणि नझीर भडकतो,
रस्त्यात उभा राहून दोन्ही हात हलवतो:
अरे, वरून न्या की!
त्यासाठीच तर बसवलीय!